उसवलेलं पांघरूण

दवाखान्यात मला भेटायला आलेल्या निम्म्या माणसांनी निघताना एकच वाक्य म्हटलं. "आता घरी गेल्यावर निवांत विणकाम करा. वेळ छान जाईल."

मी तेव्हा उताणी पडलेली. नाकावर माशी बसली तर हाकलायला हात उचलत नव्हता. आणि ही माणसं मला विणकाम करायला सांगत होती. तोंड चालत होतं माझं, पण बिस्किटाचा पुडा घेऊन आलेल्या माणसाला बोलणार तरी काय? "हो, हो," म्हणायचे आणि छताकडे बघत राहायचे.

त्या सगळ्या 'हो, हो'चा निचरा व्हावा म्हणून हे लिहायला घेतलं आहे. ज्यांच्या घरी हा आजार आलाय त्यांना काही उपयोग झाला तर चांगलंच. पण गोड गोड लिहायला मला जमणार नाही. या आजाराने मी शहाणी, समाधानी वगैरे झालेली नाही. चिडकी मात्र जास्त झाले, आणि आधीही काही कमी नव्हते, असं आमच्या घरात कुणीही सांगेल.

चादरींच्या गावात

मी क्रोशाचं विणकाम शाळेत असल्यापासून करते. दाराची तोरणं झाली, ताटावरचे रुमाल झाले, टीव्हीवरचं झाकण झालं, नात्यातल्या झाडून सगळ्या बाळांची टोपडी झाली. सगळं दुसऱ्यांसाठी. एखादी वस्तू सुईवर असली की येणारा-जाणारा विचारतो, "कुणासाठी चाललंय?" आणि उत्तर तयार असतं.

गेल्या वर्षी मी ठरवलं की या वेळी माझ्यासाठी. एक मोठं पांघरूण. राखाडी, जांभळा आणि मोहरीसारखा पिवळा, असे रुंद पट्टे. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना तर चेष्टेला विषयच मिळाला. "सोलापुरात बसून पांघरूण विनतीस व्हय? बाहेर गल्लोगल्ली चादरी हायत की. आनि हितल्या उन्हात पांघरनार कधी?"

कधी का पांघरेन! दुपारी जेवणं आटोपली की मी कूलरसमोर बसायची. मांडीवर लोकरीचा ढीग, शेजारी चहा, मोबाइलवर कसलीतरी मालिका. बोटं आपोआप चालायची. टाक्यामागून टाका, खांब, खांब, खांब, ओळ संपली की वळायचं. बघावंही लागायचं नाही. डोळे मालिकेत, कान कुकरकडे आणि बोटं आपल्या कामात. दिवसभरात तेवढा एकच वेळ असा होता की कुणी माझ्याकडे काही मागत नसे. मला त्याचा किती लळा होता हे तो गेल्यावर कळलं.

लोकर खराब निघाली

एक दिवस ओळ सैल पडली. उसवली, पुन्हा विणली. पुन्हा सैल. विणकाम करणाऱ्या बाईला स्वतःचा हात माहीत असतो. माझा घट्ट. माझे टाके बघून बायका विचारायच्या, सुई शिरते तरी कशी यात? आणि आता टाक्यातून करंगळी जात होती.

मी काय केलं असेल? दुकानदाराला फोन करून भांडले. या वेळची लोकर निसरडी आहे, हातात ठरत नाही, असला माल ठेवता कसा, म्हणून त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणत होता, "काकू, त्याच गाठोड्यातली दिली होती की मागच्या वेळी बी."

लोकर तीच होती. पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या, चप्पल पायातून सुटत होती, त्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. थोड्या दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं, त्याचा अशक्तपणा असेल असं धरून चालले. नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी घरातली पायरी चढता येईना. हातातून सुई पडली आणि वाकून उचलताही येईना, तेव्हा यांनी रिक्षा बोलावली. सुई यांनी उचलून शेवटच्या टाक्यात अडकवली आणि पांघरूण तसंच टोपलीत राहिलं.

'बहुतेक'

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा हलायला हवा होता.

आजाराचं नाव लांबलचक आहे. सगळे जीबीएस म्हणतात. माझ्याच अंगातले, रोगाशी लढणारे शिपाई माझ्याच नसांवर उलटले, असं त्याने समजावलं. मग म्हणाला, "बहुतेक पेशंट बरे होतात, काकू."

"बहुतेक म्हणजे?"

"आत्ताच सांगता येणार नाही."

"आणि हात?"

"आधी श्वासाचं बघू. हातांचं नंतर."

त्याचं बरोबरच होतं. पण मला इतका राग आला! माझ्या हातांना असं रांगेत शेवटी उभं केलं होतं. हे शेजारी उभे होते, हातात फाइल धरून. मला वाटत होतं यांनी काहीतरी विचारावं. त्यांनी विचारलं, "चहा घेतला तर चालंल का हिनं?"

अतिदक्षता विभागात दिवस आणि रात्र सारखेच. दर थोड्या वेळाने सिस्टर यायची आणि म्हणायची, "काकू, एका दमात आकडे म्हणा." एक, दोन, तीन, चार... जिथे दम संपेल तिथे थांबायचं. श्वासाची ताकद तशी मोजतात. आकडा खाली घसरला तर घशात नळी घालायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण शेजारच्या खाटेवर मी बघत होते. आकडा खाली येत गेला. शाळेत पाढे म्हणतानाही इतकी कधी घाबरले नव्हते. मग एक दिवस तो तिथेच थांबला. दोन दिवस तिथेच राहिला आणि हळूहळू वर सरकायला लागला. नळी टळली.

सुखाची म्हणावी अशी एकच गोष्ट तिथे मिळाली. एक सिस्टर होती, ती जाता-येता न विचारता माझं कपाळ खाजवायची. मी कधी सांगितलं नव्हतं. तिला मी आयुष्यभर विसरणार नाही.

वन्सं

माझी मोठी नणंद कर्नाटकच्या सीमेवर दुधनीला असते. घरची आडत आहे, मुलं बघतात. बातमी कळताच त्या पिशवी घेऊन निघाल्या आणि थेट दवाखान्यात आल्या. "मी हाय की," एवढंच म्हणाल्या आणि राहिल्याच. घाबरल्या की त्या कानडीत बोलतात. काचेपलीकडे उभ्या राहून माझ्याबरोबर ओठ हलवून आकडे म्हणायच्या, आणि माझा दम तुटला की "एन आगंगिल्ल, एन आगंगिल्ल," म्हणजे काही होत नाही, काही होत नाही. ते मला कमी आणि स्वतःला जास्त सांगत असाव्यात.

माझी वेणी त्यांनी घातली. तोंड त्यांनी धुतलं. पातळ ज्वारीची आंबील चमच्याने त्यांनी भरवली. बाकीचंही सगळं त्यांनीच केलं. ते इथे लिहीत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. मुलगी बेंगळुरूला, तिची मुलं परीक्षेला बसलेली, ती येऊन चार दिवस राहून गेली. हे रोज डबा आणायचे, खुर्चीवर बसायचे आणि काय करावं ते न कळून माझ्या पायाची चादर सारखी करत राहायचे. वन्सं नसत्या तर आमच्या घराचं काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी चिडून लिहिणार आहे.

टोपली

घरी आले ती दोघांच्या खांद्यांवर. उभी राहू शकत होते, पण कुणीतरी कमरेला धरलं तर. बोटं वाकायची, पण मूठ वळायची नाही. पोहोचल्यावर पहिलं काय केलं असेल तर कोपऱ्यातल्या टोपलीकडे बघितलं. वाटलं होतं, निदान त्यावर हात ठेवून बसेन.

टोपलीत लोकरीचे गुंडे होते. राखाडी, जांभळे, पिवळे. छान गोल गुंडाळलेले. सुई शेजारी ठेवलेली.

"पांघरूण कुठंय?" मी विचारलं.

वन्संनी मला कमरेला धरलेलं होतं. त्या अगदी समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "उसवून सोडलं की. अर्धं काम सुईला अडकवून बाई दवाखान्यात गेली, मग अंग कसं सुटंल तिचं? आमच्या सासूबाई कुनी आजारी पडलं की घरात अर्धी कौदी ठिवू देत न्हवत्या. एक तर शिवून पुरी करायची, न्हाई तर टाके काढायचे. तुजं ते क्रोशाचं मला येतंय व्हय? मग सोडलं. एक दिवस सोडलं आनि दुसऱ्याच दिवशी तुजा आकडा वर गेला. बग!"

कौदी म्हणजे आमच्याकडची जुन्या कपड्यांची गोधडी. वन्सं त्या शिवतात, फार सुरेख शिवतात. त्यांच्या कौदीचा धागा काढला तर कापड शिल्लक राहतं. क्रोशाचं तसं नसतं. एक टोक ओढलं की सगळं सुटत जातं, मागे काहीच उरत नाही. त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं, कोण जाणे.

मला ओरडायचं होतं. पण मला संडासला जायचं होतं, आणि मला तिथे नेणार होत्या त्याच. ज्या बाईने आपल्याला कमरेला धरलंय तिच्यावर ओरडायचं कसं? मी म्हटलं, "बरं केलंत." आणि आत जाऊन रडले. त्यांना वाटलं पाय दुखतायत. संध्याकाळी तेल लावून दिलं.

यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "जाऊ दे की. लोकर हाय न्हवं सगळी? नवं कर."

लोकर आहे! त्या पांघरुणात माझा हात होता. तो घट्ट हात, जो मला चाळीस वर्षांत कमवावा लागला. सगळ्यांसाठी विणलेलं सगळं दुसऱ्यांच्या घरी गेलं. माझ्याजवळ माझ्या हाताचं तेवढं एकच मोठं काम होतं, आणि हात परत येतो की नाही याची खात्री डॉक्टरलाही नव्हती. ते निदान बघता आलं असतं. शेवटच्या सैल ओळींसकट मी ते जपलं असतं. हे मी कुणाला समजावून सांगू? ज्याला सांगेन तो म्हणणार, जीव वाचला आणि ही बाई लोकरीसाठी रडतेय.

मी ते गुंडे पिशवीत भरायला लावले आणि कपाटावर ठेवायला सांगितले. वन्संना वाटलं, आवराआवर चालली आहे.

औषध

मग व्यायाम शिकवणारी मुलगी घरी यायला लागली. गुणी पोरगी. वाटीतले राजमे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, स्पंज दाबायचा. राजमे घरंगळून कपाटाखाली जायचे आणि हे गुडघ्यावर बसून काढत बसायचे. एकदा तिला कळलं की मी विणायची. ती एकदम खुलली. "काकू, मग बेस्टच की! विणकाम म्हणजे एकदम थेरपी. रोज अर्धा तास, सकाळ-संध्याकाळ."

झालं. माझ्या आवडीचं तिने औषध करून टाकलं. दुपारचा माझा चोरून मिळवलेला वेळ गोळ्यांच्या शेजारी जाऊन बसला. आता हे घड्याळात बघून विचारायला लागले, "झालं का आज विनून?" मला सुई त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटायची, पण फेकण्याइतकी पकड कुठे होती?

सुई बारीक, बोटांत टिकायची नाही. यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि सुईच्या मुठीला घट्ट गुंडाळून दिली. वर्कशॉपचा माणूस, काम अगदी सफाईचं. तेव्हा बरं वाटलं मला, खोटं का बोलू? चांगली लोकर खराब करायला नको म्हणून उरलेल्या पांढऱ्या दोऱ्याची साखळी घातली. पाच-सहा टाके, त्यातले दोन सारखे नाहीत. धागा बोटावरून घसरतोय की थांबलाय, ते कळतच नव्हतं. बोटांची टोकं बधिर. जे मी मालिका बघत करायची, ते आता डोळे फाडून बघत करायचं, आणि तरी चुकायचं. सगळे म्हणाले, "वा! जमलं की!"

नाही जमलं. ज्याला विणकाम येत नाही तोच म्हणेल, जमलं. मी ती साखळी कात्रीने कापून टाकली. मला शाबासकी नको होती. एकाने तरी म्हणावं की हे वाईट झालंय, तुझं पूर्वीचं किती सुंदर असायचं. कुणी म्हटलं नाही. आजारी माणसाशी खरं बोलायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. प्रत्येक वेळी कौतुक करू नका.

वेळ अमावस्येनंतर

मी कुणाच्या आधाराशिवाय मोरीपर्यंत जायला लागले तशा वन्सं दुधनीला परतल्या. फोन करायच्या. मी तोडकं बोलायची. त्यांच्या उपकारांखाली दबलेली आणि आत धुमसत असलेली, अशी दोन्ही. हे रोज सांगायचे, "अक्कानं किती केलं तुजं!" ते ऐकून आणखीच चिडायची.

वेळ अमावस्या, म्हणजे आमच्याकडचा शेतात जाऊन जेवायचा सण, झाली आणि वन्सं दुसऱ्या दिवशी डबा भरून भज्जी, म्हणजे त्या दिवशीची शेंगा-पालेभाज्यांची मिसळीची भाजी, आणि आंबील घेऊन आल्या. आल्या आल्या घर बघत फिरल्या. कपाटावरची पिशवी दिसली. स्टुलावर चढून काढली, उघडली.

"हे अजून असंच? अगं, सगळं कुरळं झालंय की!"

उसवलेली लोकर कुरळीच राहते. टाक्यांचा आकार त्यात बसलेला असतो. गरम पाण्यात भिजवून, लड करून टांगली तर सरळ होते. त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी मुद्दामच ती भिजवली नव्हती. त्या वेटोळ्यांमध्ये माझ्या जुन्या हाताचं तेवढंच काय ते उरलं होतं.

"राहू द्या ते," मी म्हटलं.

"राहू द्या काय? कसर लागंल. मी—"

"हात लावू नका म्हटलं ना!"

माझा आवाज इतका वर गेला की हे स्वयंपाकघरातून बाहेर आले. मग मी थांबले नाही. तुम्ही ते उसवायला नको होतं. मला विचारायला हवं होतं. ते कुणाच्या बाळाचं नव्हतं, कुणाला द्यायचं नव्हतं, माझं होतं. माझा हात होता त्यात, तुम्ही तो ओढून काढला आणि त्याचे गुंडे केले, आणि मी तुम्हाला 'बरं केलंत' म्हणाले कारण मला संडासला जायचं होतं. सगळं बोलले. हे "अगं, अगं" करत उभे.

वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या. मांडीवर ती पिशवी.

"मला वाटलंच हुतं," मग म्हणाल्या. "तू फोनवर निस्तं व्हय-न्हाई करत हुतीस." पदराने तोंड पुसलं. "शैला, तितं काचंच्या मागं उबं राहून बगत हुते मी. तुज्या अंगातलं काय सोडवाया मला येत न्हवतं. डाक्टरला बी लवकर येत न्हवतं. घरी आले, टोपली दिसली. तेवडं एक मला येत हुतं. ते सोडवलं."

राग गेला असं नाही. तो आजही आहे, पांघरूण आठवलं की येतो. पण त्या दिवशी तो मी त्यांच्या तोंडावर बोलून टाकला होता, आणि त्या उठून गेल्या नव्हत्या. हे हळूच स्वयंपाकघरात गेले आणि भज्जी गरम करायला लागले.

जेवण झाल्यावर मीच म्हटलं, "बादली भरा."

वन्संनी पाणी कोमट केलं. यांना खुर्चीवर बसवून दोन्ही हात पुढे धरायला लावले आणि त्यांच्या हातांवर लोकरीची लड घातली. ते अवघडून बसले होते, खाज आली तरी हलायची सोय नाही. खाज येतेय का, हे मी मुद्दाम विचारलं नाही. लड बांधून पाण्यात बुडवली, हलकेच पिळली, बाल्कनीतल्या दांडीवर टांगली. खालच्या बाजूला वजन म्हणून वरवंटा अडकवला. वेटोळी हळूहळू मोकळी होत गेली. जांभळ्याचे थेंब फरशीवर पडत होते. मला बघवेना आणि तिथून हलवेनाही.

"आता ह्येचं काय करनार?" वन्संनी विचारलं.

"माहीत नाही."

"तेच कर की परत."

"ते होणार नाही, वन्सं. तो हात राहिला नाही माझा."

त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला. ओलाच होता. उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून सरळ केली, बाजारात भाजी निवडताना बघतात तसा नीट बघितला.

"मग ह्यो कुनाचा हाय?"

"माझाच," मी म्हटलं. चिडूनच म्हटलं.